किल्ली किती बिटांची?

ई-मेल कूटबद्ध करणाऱ्या पीजीपी या प्रणालीची किल्ली बनवायला शिकवताना मी एका प्रश्नापाशी नेहमी थांबते. प्रोग्राम विचारतो, किती बिट? शिकणारे बहुतेक सगळे यादीतल्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे वळतात. मी त्यांना विचारते, तुमची पत्रं किती वर्षं गुपित राहायला हवीत?

उद्याच्या भेटीची वेळ परवा शिळी होते. रुग्णाचा एचआयव्हीचा अहवाल मात्र तो हयात असेपर्यंत जपायचा असतो. वाटेत कुणी पत्राची प्रत काढून नुसती साठवून ठेवली, तर ती वीस वर्षांनीही फोडायला घेता येते. लांबी ठरवायची ती त्या वीस वर्षांसाठी.

अशी किल्ली बनवायची एक पद्धत म्हणजे आरएसए. तिचा सगळा भरवसा मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड आहे, यावर. 1977 साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात 129 अंकी संख्येचं आव्हान छापलं, ते सुटायला लक्षावधी वर्षं लागतील, असा अंदाज होता. 1994 मध्ये सुमारे 600 स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावून ते सोडवलं. यंत्रं वेगवान झाली होती हे खरं, पण अवयव पाडायच्या नव्या रीतीही मधल्या काळात सापडल्या होत्या. पुढे 1999 मध्ये 512 बिट पडले, 2009 मध्ये 768, 2020 मध्ये 829.

म्हणून मी आरएसएसाठी 3072 बिटांची किल्ली सुचवते. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या हिशेबात तिचं बळ 128 बिटांचं. 2048 चं 112. एकेक किल्ली लावून पाहत 128 बिट फोडणं आजच्या कुठल्याच यंत्रणेच्या आवाक्यात नाही. 4096 चा आग्रह असेल तर मी अडवत नाही. सही करायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या कर्व्ह 25519 ची किल्ली तर 256 बिटांचीच, आणि तिचं बळही 128 च्या जवळपास. नव्या माणसाला मी हल्ली हीच देते.

पण पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला, तर पीटर शोर यांनी 1994 मध्ये मांडलेल्या रीतीपुढे या दोन्ही टिकणार नाहीत. तिथे बिट वाढवून भागत नाही, गणितच बदलावं लागतं. निस्टने ऑगस्ट 2024 मध्ये एमएल-केईएम हे नवं मानक जाहीर केलं, ते त्यासाठीच. ते समोरच्याच्याही ई-मेलमध्ये येईपर्यंत, तो रुग्णाचा अहवाल हातोहात द्या, असंच मी डॉक्टरांना सांगते.