येऊरचे काजवे

मृगापूर्वीच्या एका तिन्हीसांजेस आम्ही नातवंडांसह ठाण्याच्या येऊर डोंगरावर, पाड्यालगत, उभे होतो. काळोख दाटला आणि समोरील ऐनाचा वृक्ष काजव्यांनी लुकलुकू लागला. ‘खे द्योतते इति खद्योतः’ हा विग्रह आम्ही पस्तीस वर्षे मुलांस पढविला. परंतु हा खद्योत प्रकाशाने बोलतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते! कित्येक जातींत नर उडताना आपल्या ठरीव लयीने चमकतो. पानावर बसलेली मादी नेमक्या अंतराने उत्तर देते, आणि त्या अंतरावरूनच त्यास स्वजातीची खूण पटते. पोटातील द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा थंड उजेड उपजतो. इतक्यात धाकट्याने विजेरी पेटविली. वृक्ष मुका झाला. ती विझविल्यावर पुष्कळ वेळाने एक ठिणगी हलली. खाली शहराचे दिवे मात्र जळतच होते.