तळोद्याहून निघालेली मोटार

मिरचीचा हंगाम आला की आमचं अख्खं दोंडाईचा शिंकतं! आमचा टेम्पो तर बारा महिने तिखट. अण्णा खेड्यापाड्यांतून मिरचीच्या गोण्या भरून बाजारात आणायचे. मी सातवीत असताना त्यांची नजर अधू झाली आणि टेम्पो विकायचं ठरलं. घरात कुणी फारसं बोलेना.

त्याच आठवड्यात एका जुन्या मासिकात मला एक मोटार दिसली. केशरी-काळी, लांबच लांब नाकाची, आणि बसायला जागा मात्र दोघांपुरती! दूरचा पल्ला वेगाने आणि थाटात गाठायचा, त्यासाठीच अशा गाड्या. मालक होते इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे).

ही १९३०च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीने इंजिन आणि सांगाडा बनवला, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने चढवली. तेव्हा श्रीमंत माणसं कापड घेऊन शिंप्याकडे जावं तशी बॉडी वेगळी बनवून घेत! इंजिन आठ सिलिंडरचं, जवळजवळ ७ लिटरचं. कंपनी ताकद सांगे ३२० अश्वशक्ती. शिवाय त्याला सुपरचार्जर.

“अण्णा, सुपरचार्जर म्हणजे?”

“लोहाराचा भाता पाह्यला ना? हवा जोरात गेली की निखारा फुलतो. तसंच. सिलिंडरमध्ये हवा जास्त कोंबली, की पेट्रोलही जास्त जाळता येतं.”

किती दिवसांनी अण्णा इंजिनाबद्दल बोलत होते!

मग मी इतिहासाचं पुस्तक काढलं. होळकर घराण्याचे मूळ पुरुष मल्हारराव. वडील वारल्यावर ते तळोद्याला मामांकडे, भोजराज बारगळांकडे वाढले. तिथे मेंढ्या राखायचे म्हणे. तळोदा म्हणजे आपल्या खानदेशातलं, तापीपलीकडचं! माझी तर छाती फुगली. (गाडीचे पैसे रयतेच्या साऱ्यातूनच आले असणार, हे मागाहून सुचलं.)

अण्णांनी चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि अहिराणीवर आले, “या गाडीमा मिरचीन्या गोण्या कितल्या मावतीन रे?”

“एकही नाही.”

“मंग आपला टेम्पोच बरा!”

रविवारी नवा मालक आला. किल्ली देण्याआधी अण्णांनी इंजिनवरचं झाकण उघडलं, मला जवळ बोलावलं आणि हवेचा फिल्टर काढून दाखवला. “इथून श्वास घेतो बघ,” म्हणत त्यांनी तो जोरात झटकला. तिखट धुरळा उडाला, आणि अण्णा, मी अन् नवा मालक, तिघंही शिंकत सुटलो.