तिरंगी भाटीला घर शोधताना

डहाणूकडच्या महालक्ष्मीची यात्रा संपत आली होती त्या दिवसांतली गोष्ट. चैत्री पौर्णिमेला सुरू होणारी ही यात्रा पंधरवडाभर चालते आणि तेवढे दिवस चारोटी नाक्यावर चालायला जागा नसते. भाजी घेऊन घरी येत होते. उसाच्या रसाच्या गाडीमागे रिकाम्या पोत्यांचा ढीग होता, त्यात एक पिल्लू ओरडत होतं. रसवाला म्हणाला, "मॅडम, सकाळपासून चाललंय त्याचं. सगळे बघतात, नेत कुणी नाही."

मी लगेच उचललं नाही. मांजरी जागा बदलते तेव्हा पिल्लं एकेक करून हलवते, आणि खायला शोधायला गेली तर बराच वेळ परतत नाही. अशा वेळी आपण पिल्लू उचललं की आई असूनही ते पोरकं होतं. म्हणून रसवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि भाजी ठेवून परत आले. अंधार पडेपर्यंत मांजरी फिरकली नाही. मग पलीकडे पंक्चर काढणाऱ्या भाऊंनी सांगितलं, आदल्या रात्री सर्व्हिस रोडवर एक मांजरी गाडीखाली आली, अशीच तीन रंगांची. तेव्हा मात्र पिल्लाला ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

घरी ठेवून घेणं शक्य नव्हतं, हे त्याच क्षणी माहीत होतं. आमच्या ह्यांना दमा आहे. दोन खोल्यांचं घर. म्हणून पहिल्या रात्रीच ठरलं, पिल्लू जगवायचं आणि चांगलं घर बघून द्यायचं.

किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं, २८० ग्रॅम भरलं. डोळे उघडलेले, निळसर. पुढचे दात नुकते टोचायला लागले होते. डहाणूच्या पशुवैद्यकांना फोन केला तर ते म्हणाले, तीनेक आठवड्यांचं असेल, आणि त्या मानाने वजन कमी आहे. जन्मतः मांजराचं पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि आठवड्याला साधारण तेवढंच वाढतं. त्यांनी पहिली गोष्ट बजावली ती अशी, की गाईचं दूध अजिबात नको. मांजराच्या पिल्लाला ते पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबही भारी पडतात. आमच्या वाडीतल्या प्रत्येकाने बशीत दूध घालायलाच सांगितलं होतं, म्हणून हे आधी लिहिते.

मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूधपावडर मिळते. नाक्यावर नव्हती. हे डहाणूला जाऊन घेऊन आले. डबा जवळपास नऊशे रुपयांचा. बाटलीचं बूच पिल्लाच्या तोंडात मावेना, तेव्हा मेडिकलमधून दहा रुपयांची पाच मिलिची सिरिंज आणली, सुई काढून. पिल्लाला पोटावर ठेवायचं, मान किंचित वर, आणि थेंब थेंब द्यायचं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुफ्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हळूहळू पुसायचं, तेव्हाच ते शी-शू करतं. आई चाटून जे करते ते आपण कापसाने करायचं. दर तीन-चार तासांनी हे चक्र. रात्रीची पाळी सासूबाईंनी घेतली. सुरुवातीला "कशाला आणलंस" म्हणाल्या होत्या. पुढे मी उठायच्या आत त्यांच्या खोलीतला दिवा लागलेला असायचा.

दुसरी अडचण पिसवांची. अंग नुसतं भरलेलं होतं आणि हिरड्या गुलाबी असायच्या त्या पांढुरक्या दिसत होत्या. पिसवा रक्त पितात, आणि एवढ्या लहान पिल्लाच्या अंगात रक्त ते किती असणार. एका दुकानातून कुत्र्याच्या गोचिडांची पावडर मिळाली, "मांजरालाही चालते" असं सांगून. लावण्याआधी डॉक्टरांना डब्यावरचं नाव वाचून दाखवलं. त्यात परमेथ्रिन होतं. डॉक्टर म्हणाले, ते कुत्र्याला चालतं, मांजराला झटके येऊन जीव जातो. तशीच गोष्ट पॅरासिटामॉलची. ताप आला म्हणून आपल्या घरातली गोळी मांजराला कधी द्यायची नाही, थोडीसुद्धा नाही. आम्ही मग कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण घेतला. मानेपासून खाली धुतलं, उवांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवल्या आणि लगेच टॉवेलने कोरडं केलं. पाणी लालसर झालं होतं. ते बघून लेक रडायला लागली. मीही फार धीराची नव्हते.

आठवडाभरात पिल्लू सावरलं. वजन चारशेच्या जवळ गेलं तेव्हा डहाणूला नेलं. तपासणी आणि जंताचं औषध मिळून पाचशे रुपये झाले. आमच्या जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारलं होतं. तिथले डॉक्टर भले माणूस, पण गाई, बैल, शेळ्या, कोंबड्यांचीच रीघ. मांजराची लस तिथे येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुंबईतल्या नणंदेने परळच्या बाई साकरबाई रुग्णालयाचं नाव काढलं. जनावरांसाठीचं ते मोठं आणि जुनं रुग्णालय आहे, पण इथून शंभरावर किलोमीटर. एवढ्याशा पिल्लाला महामार्गावरून तेवढं हलवण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरांनीच सांगितलं की ही भाटी आहे, बोका नव्हे. तपासण्याआधीच म्हणाले. मांजराच्या अंगावर केशरी आणि काळा असे दोन्ही रंग असले की ती जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण हे रंग ज्या गुणसूत्रावर असतात ती गुणसूत्रं मादीत दोन असतात, नरात एकच. ऐकायला मजेशीर होतं. पुढे घर शोधताना मात्र याच गोष्टीने सगळ्यात जास्त अडवलं.

मी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात आणि लेकीच्या शाळेच्या गटात फोटो टाकला. फोन बरेच आले. बहुतेकांचा पहिला प्रश्न "बोका आहे का?" भाटी म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "नको, पिल्लं होत बसतील." काहींना पर्शियन हवं होतं. महामार्गावरच्या एका ढाब्यावाल्यांना उंदरांसाठी हवी होती. माणूस चांगला होता, पण ढाब्याच्या दारातून ट्रक जातात. तिची आई तशीच गाडीखाली गेली होती. मी नाही म्हटलं.

पहिलं घर बोईसरला मिळालं. फ्लॅट, दोघं नोकरीला, खिडक्यांना जाळी. मी स्वतः जाऊन बघून आले, तीन आजारांवरची पहिली त्रिसंयोजी लसही दिलेली होती. ती आठव्या आठवड्यानंतर देतात, हजार रुपये पडले. तीनेक आठवड्यांनी त्यांचा फोन आला की परत न्या. तिथल्या ताईंना दिवस राहिले होते आणि घरातल्या मोठ्यांनी सांगितलं होतं की मांजर असेल तर बाळाला धोका. मी त्यांना दोष देत नाही, ही भीती पुष्कळ घरांत असते. पण डॉक्टरांना विचारलं तेव्हा जे कळलं ते आधीच माहीत असतं तर बरं झालं असतं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो. पण विष्ठा पडल्यावर तो लगेच लागत नाही, त्याला निदान एक दिवस जावा लागतो. म्हणून मांजर शी-शू करतं ते मातीचं भांडं रोज, आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी साफ केलं, हात धुतले, मांजराला कच्चं मांस दिलं नाही, तर गरोदर बाईला मांजरापासून धोका फारच थोडा उरतो. नीट न शिजवलेलं मांस आणि न धुतलेली भाजी यांपासून जास्त जपायला हवं. ताईंनी ते ऐकून घेतलं, पण घरात रोज वाद नको म्हणाल्या. मी मांजरीला घेऊन आले.

येताना तिला कोंबड्या झाकायच्या बांबूच्या डाल्यात ठेवलं होतं, खाली जुनी साडी. घरी आल्यावर बाहेर काढताना ती बिथरली आणि लेकीच्या मनगटाला नख लागलं. रक्त आलं. मांजराच्या ओरखड्यालाही हलकं घ्यायचं नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुतलं आणि कासा उपजिल्हा रुग्णालयात नेलं. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. नर्सबाईंनी तारखा लिहून दिल्या आणि एकही चुकवू नका म्हणाल्या. मांजरीलाही पुढच्या वेळी डहाणूला रेबीजची लस दिली, साडेतीनशे रुपयांना. त्याच वेळी त्रिसंयोजीचा दुसरा डोसही झाला. एका दुकानात लसीची बाटली घरी न्यायला देत होते. लस दोन ते आठ अंश तापमानातच टिकते, उन्हाळ्यात रिक्षातून पिशवीत आणलेली लस टोचून काय उपयोग, म्हणून ती घेतली नाही.

दुसरं घर अनपेक्षित ठिकाणी मिळालं. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, आमच्याकडे द्याल का? भात खातात उंदीर." महालक्ष्मीच्या डोंगराकडच्या पाड्यावर त्यांचं कुडाचं घर. मी गेले तेव्हा त्याच्या आजीने आतली कणगी दाखवली. वर्षाचं भात त्यात, आणि तळाशी उंदरांनी पाडलेली भोकं शेणाने लिंपलेली. उंदीर आले की मागोमाग सापही येतो, त्या म्हणाल्या. घर महामार्गापासून बरंच आत. दारात कुत्रा होता, पण तो मांजरांत वाढलेला होता. आधीची मांजर म्हातारी होऊन गेली होती.

एकच गोष्ट खटकली. कणगीच्या मागे उंदीर मारायच्या औषधाचे केक ठेवलेले होते. विष खाल्लेला उंदीर मांजरीने खाल्ला की मांजरीलाही विष चढतं. मी तेवढंच मागितलं, की केक सगळे काढा, आणि ही पाच महिन्यांची झाली की तिची नसबंदी करू, खर्च मी बघते. आजी म्हणाल्या, "केक आजच काढतो. पण तिला कापू नका." त्यांना समजावायला मला बराच वेळ लागला. मांजरी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि मग ती पिल्लं पुन्हा नाक्यावर. पिल्लं नाक्यावर म्हटल्यावर आजींना मीच तिला कुठून आणली ते आठवलं. त्या हो म्हणाल्या.

पहिला आठवडा तिला खोलीतच बंद ठेवायला सांगितलं, म्हणजे वास ओळखीचा होतो आणि पळून जात नाही. खाण्याचा प्रश्न सोपा होता. घरात मासळी असायची, सुकटही. सुकट खारट असते म्हणून पाण्यात भिजवून, उकळून, भातात कालवून द्यायची, एवढंच सांगितलं. मातीच्या भांड्यासाठी बाजारातली पाचशे रुपयांची पिशवी लागलीच नाही, ओढ्याची वाळू पुरली.

नसबंदी पावसाळा संपता संपता केली, वापीच्या एका दवाखान्यात. साडेचार हजार. भाटीचं पोट उघडावं लागतं म्हणून खर्च जास्त, बोक्याचं काम बरंच कमी पैशांत होतं. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं होतं, ते आजींनी कटाक्षाने पाळलं. टाके सुकेपर्यंत तिला बाहेर सोडलं नाही.

सगळा हिशेब वहीत आहे. दुधाचे डबे अठराशे, तपासणी आणि जंताचं औषध पाचशे, लसी तेवीसशे पन्नास, मधल्या काळातलं खाणं हजाराच्या आत, जाण्यायेण्याला आठशे-हजार, नसबंदी साडेचार हजार. एकूण अकरा हजारांच्या आसपास. यातले तीन हजार शाळेतल्या सहकाऱ्यांनी न मागता दिले, बाकीचे आम्ही. पहिल्या दिवशी कुणी हा आकडा सांगितला असता तर मी उचललं असतं का? असतं, असं वाटतं, पण मग फोटो टाकताना तिथेच लिहिलं असतं की नसबंदीचा खर्च आम्ही देऊ. भाटी नको म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा नकार त्या एका ओळीने गेला असता. बोईसरच्या ताईंनी मध्यंतरी मांजरीचा फोटो मागितला होता, तो पाठवला.

पाड्यावरच्या उंदरांचा बंदोबस्त ऐकून शेजारच्या दोन घरांनी माझ्याकडे पिल्लू मागितलं आहे. त्यांना सांगितलंय, आधी औषधाचे केक काढा, आणि पुढच्या उन्हाळ्यात नाक्यावर बोका सापडला तर पहिला तुम्हाला.