हातचा

आजीच्या बटव्यातली चार जुनी नाणी मी खडूच्या डबीत ठेवतो: रुपया, पावली, आणा, पैसा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आणा नि जुना पैसा हळूहळू निवृत्त झाले. पण चार पैशांचा आणा, चार आण्यांची पावली, चार पावल्यांचा रुपया, अशी ही उतरंड चाराच्या पायावर उभी होती. कळमेश्वरच्या पोरांना दशमानाबाहेरची गणती शिकवायला याहून सोपं साधन मला सापडलं नाही. चारही नाणी ओळीने मांडली की संख्या होते ११११, पैशांत ८५. रुपयापासून एकेक उचलत गेलं की २१, ५, १. नुसत्या एकांची माळ.

या माळांचे वर्ग करायचा नाद लागला तो देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांमुळे. १, १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं, कारण कल्पना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या त्या नावाच्या स्टेशनात. आजचं डोंबिवली. (आमच्या इटारसी लाइनच्या स्टेशनात मीही पुष्कळ गाड्यांची वाट पाहिली, सुचलं काही नाही.)

चाराच्या पायातही १११ चा वर्ग १२३२१ च. २१ गुणिले २१, ४४१. त्या जोरावर मी फळ्यावर ११११ चा वर्ग ऐटीत लिहिला: १२३४३२१. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, यात चार कुठून आला जी?”

खरंच की. चार पैसे झाले की आणाच होतो. या गणतीत ४ हा अंकच नाही. फळा पुसला. मधल्या चाराचं शून्य, हातचा एक. तो डावीकडच्या तिनात मिळवला की त्याचेही चार. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. पुढच्या दोनाचे झाले तीन, तिथे तो थांबला. उरलं १३००३२१. शिखराच्या जागी खड्डा. ८५ चा वर्ग ७२२५, ताळा जुळला.

रात्री बाकीचे पाये धुंडाळले. तिनात १११ चा वर्ग २००२१. द्विमानात ११ चा १००१. दशमानात दहा एकांचा १२३४५६७९००९८७६५४३२१. पाया जेवढा तेवढे एक घेतले की जोडशून्य हजर, आणि चढणीवरचा एक अंक गळालेला: दहात ८, चारात २. हातचा जिथे विसावतो, तोच.

संत्री डझनावर विकतात, म्हणून पुढचा पाया बारा. तिथे अकरा एकांपर्यंत शिखर टिकतं. पण दहा आणि अकराला एकेक चिन्ह हवं. दहासाठी एकाने फळ्यावर संत्रं काढलं. अकरासाठी तेच, पानासकट.