बोट लागण्याची परीक्षा

खानदेशांतील माणसास समुद्राचें एवढें अप्रूप कां असावें, असा प्रश्न मुंबईच्या किंवा कोकणांतील वाचकांस पडणें साहजिक आहे. ज्यांच्या परसापर्यंत भरतीचें पाणी येतें, त्यांस त्याचें नवल तें काय वाटणार! आमची गोष्ट निराळी. आमच्या जळगांवास गिरणा आणि धुळ्यास पांझरा. वर्षांतले कित्येक महिने दोघींच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते. तथापि ह्या दोन्ही नद्या तापीस मिळतात, आणि तापी सुरतेच्या पुढें समुद्रास मिळते. म्हणजे आमच्या गांवचें पाणी दर पावसाळ्यांत न चुकतां समुद्रावर जातें. आम्ही मात्र साठी उलटली तरी गेलों नव्हतों. चौपाटीवर उभें राहून पाय भिजविणें यासच कोणी समुद्रास जाणें म्हणत असेल, तर तें वेगळें.

गेल्या हिवाळ्यांत तो योग आला. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि पुढें त्यांस जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं. आमच्या मित्रमंडळानें ही वांटणी कधींच मानली नाहीं. जळगांवच्या मूळजी जेठा महाविद्यालयांत एका बांकावर बसलेले आम्ही चौघे; दोघे जळगांवचे, दोघे धुळ्याचे. चौघांचींही घरें एकत्र कुटुंबाचीं, त्यामुळें चौघांसही स्वतःच्या हौसेसाठीं पैसे बाजूस टाकण्याची संवय नव्हती. ती मोठ्या कष्टानें लावून घेतली, आणि तीन वर्षांत चार जोडप्यांनीं मुंबईहून जहाजानें गोव्यास जाऊन येण्याची तरतूद झाली.

अशा सफरीस हल्लीं ‘क्रूझ’ म्हणतात. पूर्वीं मुंबईहून कोकणांत किंवा गोव्यास आगबोटीनें जाणारा मनुष्य पोहोंचण्यासाठीं जात असे. क्रूझवरील मनुष्य जहाजावर राहण्यासाठींच जातो. ऑक्टोबर २०१८ मध्यें ‘आंग्रिया’ ह्या बोटीनें मुंबई-गोवा मार्गावर अशी सुखसफर सुरू केली होती, आणि २०२१ पासून त्याहून पुष्कळ मोठें जहाज मुंबईहून सुटूं लागलें. आमच्या मुलांनीं तिकिटें काढलीं आणि वर एक पुस्ती जोडली. ‘एक दिवस आधीं निघा आणि खोपोलीजवळचें इमॅजिका पाहून मग जहाजावर चढा,’ असें त्यांचें म्हणणें पडलें.

ह्या पुस्तींतून पुढचें सारें प्रकरण उद्भवलें. धुळ्याच्या अण्णांच्या पत्नी, म्हणजे आम्हां सर्वांच्या वहिनी, यांस गाडी लागते. कसारा घाट आला कीं त्या डोळे मिटून घेतात आणि तोंडांत आवळासुपारी धरतात. अण्णांस धास्ती पडली. “जिला गाडी लागते तिला बोट लागल्यावांचून कशी राहील? आणि भर समुद्रांत उतरवून देतां येतें थोडेंच!” शेवटीं त्यांनीं तोड काढली. इमॅजिकांतील पाळणे हीच परीक्षा ठरवावी. तेथें वहिनींस चक्कर आली, तर त्यांनीं ठाण्यास भाचीकडे राहावें व बाकीच्यांनीं पुढें जावें. आम्हीं ह्या तोडीस मान डोलाविली, हें येथें कबूल केलें पाहिजे. किंबहुना, “हें अगदीं शास्त्रीय आहे,” असा शेराही आम्हींच मारला.

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. बोलल्या त्या त्यांच्या सासूबाई. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशीं. त्यांच्या लहानपणीं घरांत समुद्र हा शब्द दोनच प्रकारें निघे. एक, समुद्र ओलांडणाराची पंगत चालत नाहीं म्हणून. मनुस्मृतींत श्राद्धास वर्ज्य सांगितलेल्यांच्या यादींत समुद्रप्रवास करणारा आहेच. आणि दुसरा, ‘रामदास’ बोट बुडाली म्हणून. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसास निघालेली ही बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. तेव्हां ह्या बाई बारा वर्षांच्या होत्या, आणि वडील माणसें वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत असतां त्यांनीं तें ऐकलें होतें. अशा बाईंनीं निघण्याच्या दिवशीं सुनेच्या हातांत दशम्यांचा डबा ठेवला आणि म्हटलें, “लग्न झाल्यापासून बाळंतपण आणि देवदर्शन ह्यांखेरीज घराबाहेर रात्र काढली नाहींस. जाऊन ये. चुलीचें आम्ही पाहूं.” ह्या निरोपांत परीक्षेचा उल्लेख नव्हता, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

भल्या पहाटे आमची लहान बस जळगांवहून निघाली. एरंडोल, पारोळें करीत धुळ्यास आलों, तेथें अण्णामंडळी चढली, आणि मग आग्रा रस्त्यानें मालेगांव, चांदवड, नाशिक. कसारा घाटांत वहिनींनीं नित्याप्रमाणें डोळे मिटले. अण्णांनीं आमच्याकडे सूचक दृष्टीनें पाहिलें. पनवेलीस मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं बसमध्येंच दशम्या व भरीत यांचा समाचार घेऊन इमॅजिकाच्या दारांत उभे राहिलों.

हें ठिकाण सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. चित्रपटव्यवसायांतील मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकारानें तें २०१३ मध्यें उघडलें. येथील यंत्रपाळणे नुसते फिरत नाहींत, प्रत्येकामागें एक कथा असते. कोठें अलिबाबाची गुहा, कोठें ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटांतील मोगँबो. अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने यांनीं १९५५ मध्यें डिस्नेलँड उघडून ही तऱ्हा रूढ केली. पाळण्यांची हौस त्याहून पुष्कळ जुनी आहे. रशियांत अठराव्या शतकांत बर्फाच्या उंच उतारांवरून घसरत येण्याचा खेळ होता, आणि न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथें १८८४ मध्यें पांच सेंटांत उताराच्या रुळांवरून फिरवून आणीत. आमच्या लेखीं मूळ नमुना म्हणजे धुळ्याच्या एकवीरादेवीच्या यात्रेंतील आकाशपाळणा. फरक इतकाच कीं तेथें पाळणेवाला हातानें दांडा ओढी, आणि येथें माणसें पट्ट्यांनीं जखडलेलीं असतात.

‘नायट्रो’ नांवाचा रुळांवरचा एक प्रचंड झोला आहे. त्यांत बसणाराच्या पायांखालीं फळीसुद्धां नसते. आम्हीं तो खालून पाहिला, एवढेंच पुरे झालें. पाहतां पाहतां एक गोष्ट मात्र उमगली. सांखळी गाडीस पहिल्या शिखरापर्यंत ओढून नेते. त्यापुढें तिला ढकलणारें यंत्र नाहीं. उंचीवर सांठलेली शक्ति उतरणीवर वेग होते आणि पुढच्या चढावर खर्चीं पडते. म्हणून पुढचीं शिखरें पहिल्याहून ठेंगणींच असावीं लागतात. संसारांतही पहिल्या जोरावर किती चढ निघतात याचा विचार आमच्या मनांत आला. पण वरून येणाऱ्या किंकाळ्यांपुढें तो टिकला नाहीं.

परीक्षेचा पहिला पेपर ‘राजासॉरस’ ह्या नावेचा होता. नाव पाण्यांतून हळूहळू जाते, दोहों बाजूंस राक्षसी सरडे डरकाळ्या फोडतात, आणि शेवटीं ती एकदम खालीं कोसळते. हा प्राणी काल्पनिक नाहीं. त्याचे अवशेष गुजराथेंत तेव्हांच्या खेडा जिल्ह्यांतील रहिओली येथें मिळाले, आणि २००३ मध्यें त्याचें ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असें नामकरण झालें. नर्मदा म्हणजे आमच्या जुन्या पश्चिम खानदेशाची उत्तर सीमाच. तेव्हां हा आमचा जवळजवळ शेजारी म्हणावयाचा. नाव कोसळली तेव्हां अण्णांनीं आमचा दंड असा घट्ट धरला कीं वळ उठले. वहिनी पदर पिळीत खदखदां हंसत बाहेर आल्या. पेपर पास!

दुसरा पेपर ‘आय फॉर इंडिया’. ह्यांत धक्का नाहीं कीं पडणें नाहीं, म्हणून आम्हीं तो सोपा समजत होतों. आसनें वर उचललीं जातात, पाय अधांतरीं लोंबतात, आणि समोरच्या विशाल वक्र पडद्यावर विमानांतून पाहावा तसा भारत देश धांवूं लागतो. देखावा फार सुंदर आहे. पण मध्येंच बाजूस पाहिलें तों वहिनींनीं डोळे गच्च मिटलेले, आणि कपाळावर घाम.

बाहेर येऊन त्या एका बांकावर बसल्या. आमच्या सौभाग्यवतींनीं पाणी दिलें. चौघे पुरुष न्यायाधीशांसारखे समोर उभे. अण्णा हलक्या आवाजांत म्हणाले, “भाचीस दूरध्वनि करूं का?”

वहिनींनीं पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणें म्हटलें, “चक्कर आली, खोटें कशाला सांगूं? पण मी उद्यां जहाजावर येणार आहें. बोट लागली तर लागेल. पस्तीस वर्षांत घरांत कितीदां तरी ताप अंगावर काढून स्वयंपाक केला, तेव्हां आधीं कोणी परीक्षा घेतली नाहीं.” मग आमच्याकडे वळून, “भावजी, तुमचाही रक्तदाब असतोच कीं! तुमची परीक्षा कोणत्या पाळण्यावर ठेवली आहे?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आठ माणसांत परीक्षा एकीचीच ठरली होती, ती तिला न विचारतां ठरली होती, आणि ठरविणारांपैकीं एकानेंही स्वतःचें नांव यादींत घातलें नव्हतें. अण्णांची काळजी खरी होती, यांत शंका नाहीं. पण काळजीच्या नांवाखालीं आपण घरांतल्या माणसाचें हौसेचें दार किती सहज लावून घेतों, हें त्या बांकासमोर उभे असतां प्रथमच कळलें. अण्णा कांहीं वेळ तसेच उभे राहिले; मग वहिनींच्या शेजारीं जाऊन बसले. भाचीस दूरध्वनि झाला नाहीं.

बरें, जिला आम्हीं शास्त्रीय म्हटलें ती परीक्षा तरी शास्त्रीय होती काय? त्या रात्रीं आम्हीं ह्या विषयावर थोडें वाचन केलें, आणि आमचा शेरा आम्हांसच गिळावा लागला. कानाच्या आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून डोकें कोणीकडे वळलें हें मेंदूस कळतें, आणि शेजारच्या सूक्ष्म कणांवरून शरीराचें वरखालीं होणें समजतें. कानाची साक्ष आणि डोळ्यांची साक्ष जुळली नाहीं कीं मळमळ सुरू होते. पडद्यासमोर डोळे सांगतात ‘उडत आहों’, कान सांगतो ‘बसलेलेंच आहों’. जहाजाच्या बंद खोलींत याच्या नेमकें उलट: डोळ्यांपुढच्या भिंती स्थिर, आणि कानास हेलकावा जाणवतो. त्यांतही सुमारें पांच सेकंदांस एक असा संथ, वरखालीं होणारा हेलकावा सर्वांत वाईट, असें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. पाळण्यांचे हिसके त्याहून फार जलद. तेव्हां तेथें पास झालेला समुद्रावर नापास होणार नाहीं याची हमी कोणी द्यावी?

दुसऱ्या दिवशीं बॅलार्ड पिअरवर जहाजांत चढलों. जहाज धक्का सोडीत असतां वहिनींनीं सासूबाईंस दूरध्वनि लावला. पलीकडून प्रश्न आला, “पाणी कसें आहे गं?” “गढूळ,” वहिनी म्हणाल्या, “पुरांतल्या तापीसारखें. पण पलीकडचा कांठ नाहीं.” कुलाब्याच्या टोंकाचा प्राँग्जचा दीपस्तंभ मागें पडला, आणि हेलकावा सुरू झाला.

वहिनींस बोट लागली. अण्णांस लागली, ती अधिक. आम्हांस किती लागली हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. ज्यांस कांहींच झालें नाहीं त्या जळगांवच्या दुसऱ्या वहिनी. त्यांच्याविषयीं कोणी चिंताही केली नव्हती. खोलींत पडून राहण्याऐवजीं आमच्या वहिनी वरच्या उघड्या मजल्यावर गेल्या, वारा तोंडावर घेत क्षितिजाच्या रेषेकडे पाहत बसल्या, आणि तासाभरांत सावरल्या. क्षितिज डोळ्यांस दिसलें म्हणजे कान आणि डोळे यांचें भांडण बरेंच मिटतें, हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. त्यांस तें आपोआपच सुचलें. मग त्याच खालीं येऊन अण्णांस हात धरून वर घेऊन गेल्या.

आमच्या वाचकांपैकीं कोणी अशा सफरीस निघणार असतील, तर त्यांस अनुभवाचे चार शब्द सांगतों. खोली जहाजाच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर घ्यावी, तेथें हेलकावा कमी. पोट रिकामें ठेवूं नये, तुडुंबही भरूं नये. आलें जवळ असावें. प्रकृतीविषयीं शंका असेल तर डॉक्टरांस विचारावें, आणि तें सर्वांनींच विचारावें. वाटेंत इमॅजिका पाहावयाचें असेल तर खुशाल पाहावें. पण तें गंमत म्हणून. कोणी जहाजावर यावें आणि कोणी भाचीकडे राहावें, हा निर्णय पाळण्यांवर सोंपवूं नये.

धुळ्यास परतल्यावर सासूबाईंनीं विचारलें, “काय, बोट लागली का?” वहिनी म्हणाल्या, “लागली.” “मग?” “मग कांहीं नाहीं. पुढच्या वर्षीं पुन्हां जाऊं म्हणतें.” अण्णांनीं ह्यावर हूं कीं चूं केलें नाहीं, त्यांनीं भिशीची वही पुढें ओढली आणि पहिल्या पानावर पहिलें नांव वहिनींचें घातलें.