पुंगळीचा हिशेब

मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर घ्यायला निघालेला माणूस दुकानात दोनच गोष्टी विचारतो: ताकद किती आणि किंमत किती. एक बार केवढ्याला पडतो, हा प्रश्न त्याला बहुधा घरी आल्यावर सुचतो. माझ्या मते तोच आधी विचारायचा. जाणता शेतकरी बैलजोडी बघायला बाजारात जाण्यापूर्वी आपल्या गंजीत कडबा किती उरलाय ते बघतो, त्यातलाच हा प्रकार.

मी टेक्सासमध्ये शुगर लँडला राहतो आणि बरीच वर्षं .४४ मॅग्नम वापरतो. काडतुसंही घरीच भरतो. आपल्या मराठी मंडळींत हा छंद फारसा नाही, त्यामुळे ज्याला विचारायचं असतं तो मलाच गाठतो. मध्ये गणपतीच्या जेवणाच्या रांगेत एका तरुणाने असंच गाठलं. "काका, स्मिथ अँड वेसनची फाइव्ह हंड्रेड घ्यायचीय. सगळ्यात ताकदवान तीच ना?" मी म्हटलं, "महिन्याला गोळ्या किती झाडणार आहेस?" त्याने तो विचार केलाच नव्हता.

फाइव्ह हंड्रेड म्हणजे .५०० एस अँड डब्ल्यू मॅग्नम. कंपनीने २००३ मध्ये हे काडतूस आणलं आणि त्यासाठी एक्स-फ्रेम हा नवा, अवाढव्य सांगाडा घडवला. त्यात पाचच गोळ्या मावतात. लांब नळीचं मॉडेल रिकामं असतानाच दोन किलो भरतं. साध्या ९ एमएमची ऊर्जा ३५० फूट-पौंडांच्या आसपास असते, .४४ मॅग्नमची ९०० ते १०००, आणि .५०० ची २५०० च्या घरात. अलास्कात तपकिरी अस्वलांच्या मुलखात फिरणाऱ्याला त्याचं मोल आहे, हे मला मनापासून मान्य आहे. पण आमच्या फोर्ट बेंड काउंटीत ब्राझोस नदीच्या काठी हातबंदुकीने टिपायचं मोठं जनावर म्हणजे रानडुक्कर. ही डुकरं शेतं आणि हिरवळी एका रात्रीत नांगरल्यासारखी उकरून टाकतात. २०१९ पासून जमीनमालकाची संमती असेल, तर खाजगी जमिनीवर त्यांच्या शिकारीला परवानाही लागत नाही. त्या कामाला .४४ पुरून उरतं.

.४४ मॅग्नमचा जन्मही गरजेतूनच झाला. एल्मर कीथ हा आयडाहोतला गुरं राखणारा, शिकारी, लेखक माणूस. १९०७ सालचं जुनं .४४ स्पेशल काडतूस तो वर्षानुवर्षं जास्त दारू भरून वापरत होता. कारखान्यांनी तसंच काडतूस बनवावं म्हणून त्याने कंपन्यांच्या मागे टुमणं लावलं आणि अखेर १९५५-५६ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून ते बाजारात आणलं. पुढे १९७१ मध्ये 'डर्टी हॅरी' सिनेमा आला आणि त्यातल्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा, स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल २९ चा, दुकानांत तुटवडा पडला. आजही अनेकांच्या डोक्यात या बोअरची प्रतिमा तिथलीच असते. कीथच्या डोक्यात मात्र डोंगरातला, लांबचा, एकच नेमका बार होता. माझी निष्ठा कीथशी आहे.

आता भाव बघा. आमच्या भागातल्या दुकानांत ९ एमएमची गोळी साधारण २५ ते ३० सेंटला मिळते. .४४ मॅग्नमची एक डॉलरच्या पुढे. .५०० ची गोळी अडीच-तीन डॉलर, आणि खोकं वीसचं. म्हणजे शंभर गोळ्यांची एक दुपार ९ एमएममध्ये तीस डॉलरच्या आत आटोपते, .४४ मध्ये शंभरच्या वर जाते आणि .५०० मध्ये अडीचशे-तीनशेला पोचते. यावर सव्वाआठ टक्के विक्रीकर. काडतुसांवरचं ११ टक्के केंद्रीय शुल्क छापील किमतीत आधीच धरलेलं असतं. तो पैसा १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो आणि तो देताना मला कधीही वाईट वाटलेलं नाही.

हे पैशाचं गणित मी कंजूषपणाने मांडत नाही. मोठं रिव्हॉल्व्हर सरावाने शिकावं लागतं आणि सराव गोळ्यांनीच होतो. .४४ चा दणका तळहातात, मनगटात आणि कोपरात जातो. आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही घालावे लागतात. थोड्याच गोळ्यांत शरीर दणक्याची वाट बघू लागतं. चाप पूर्ण दाबला जाण्याआधीच मूठ आवळते, नळी खाली झुकते आणि गोळी लक्ष्याच्या खाली जाते. माणसाला वाटतं साइट बिघडली. हे दाखवून द्यायचा एक जुना उपाय आहे. जोडीदाराने सिलिंडरमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मध्ये एक-दोन नकली काडतुसं घालून द्यायची आणि झाडणाऱ्याला क्रम सांगायचा नाही. घोडा नकली काडतुसावर नुसता 'टक्' करून पडतो आणि बार न होताही नळी हिसका खाऊन खाली जाते. ते एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढे वाद उरत नाही.

हा दचका घालवायला गोळ्या लागतात, आणि त्या हलक्या हव्यात. नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं ते .२२ वर. कोल्हापूरच्या त्या मुलीचा स्थिर हात आणि चापावरचं बोट बघावं. दणक्याशी झगडण्याच्या आधी काय शिकायचं ते कळतं. म्हणून मी नव्या माणसाला आधी .२२ देतो. त्याची गोळी दहा सेंटच्या आतबाहेर पडते. .४४ मॅग्नमची आणखी एक सोय म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये .४४ स्पेशल चालतं. तेच रिव्हॉल्व्हर, तोच चाप, आणि दणका निम्म्याहून कमी. दुकानात मात्र स्पेशलही स्वस्त नाही. स्वस्ताई हवी असेल तर घरी भरायला हवं, आणि या छंदातला माझा खरा जीव तिथेच आहे.

काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), दारू आणि गोळी. पैकी तीन एका बारात संपतात. पुंगळी उरते आणि तीच सर्वांत महाग असते. रिव्हॉल्व्हर ती लांब भिरकावत नाही, सिलिंडर उघडून दांडी दाबली की सगळ्या पुंगळ्या हातात येतात. हलकं भरलं तर एक पुंगळी अनेकदा वापरता येते. तोंडाशी बारीक चीर दिसली की तिचं आयुष्य संपलं. प्रायमर, दारू आणि विकतची शिशाची गोळी मिळून मला एक काडतूस तीसेक सेंटला पडतं. २०२० पूर्वी याहून स्वस्त पडायचं. त्या साली प्रायमर दुकानांतून नाहीसे झाले, आणि परत आले ते जवळजवळ दुप्पट भावाने.

रात्री घर शांत झालं की मी काडतुसं भरायच्या प्रेससमोर बसतो. फोन बाहेरच्या खोलीत. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, हा माझा कडक नियम आहे. स्वच्छ केलेली पुंगळी कार्बाइड डायमधून मूळ मापाला आणायची, तोंड किंचित फुलवायचं, प्रायमर बसवायचा आणि बुडावरून बोट फिरवायचं. प्रायमर कडेपेक्षा केसभर खाली लागला पाहिजे, वर आला तर सिलिंडर घासतो. दारू मॅन्युअलमध्ये छापली असेल तेवढीच आणि तराजूवर तोलून. एच-११० सारखी मंद जळणारी दारू किमान मापापेक्षा कमी भरणंही धोक्याचं. मग पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून प्रत्येकीत टॉर्च मारून बघायचं, सगळ्यांत पातळी सारखी आहे ना. एखाद्या पुंगळीत दोनदा दारू पडली तर सिलिंडर फुटू शकतो. ही नजर टाकल्याशिवाय मी एकही गोळी बसवत नाही.

शेवटची पायरी क्रिम्प, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत वळवून घट्ट करणं. मोठ्या बोअरमध्ये तिचं महत्त्व फार. पहिला बार झाला की रिव्हॉल्व्हर जोरात मागे येतं. न झाडलेल्या पुंगळ्या त्याच्याबरोबर मागे ओढल्या जातात, पण जड गोळ्या जडत्वाने जागेवर राहू बघतात आणि पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरतच नाही. म्हणून नवीन भरणा केला की मी सहा गोळ्या घालतो, पाच झाडतो आणि सहाव्या काडतुसाची लांबी कॅलिपरने आधीच्या मापाशी ताडून बघतो. ती तसूभरही बदललेली नसली तर भरणा पास. .५०० मध्येही हे सगळं करता येतं, पण तिथे दारू कितीतरी जास्त लागते, गोळी जड आणि महाग पडते, आणि इतक्या दणक्याच्या सरावाला हाडं किती वर्षं साथ देतील हा प्रश्न राहतोच.

आता थोडं सुरक्षिततेचं आणि कायद्याचं. शिसं वितळवायचं काम मी घरात करत नाही; ओतलेल्या गोळ्या विकत आणतो. रेंजवरून आलं की आधी हात धुवायचे, कपडे वेगळे टाकायचे. घरात नातवंडं येत असतील तर तिजोरी हवीच. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे. आणि एच-वनसारख्या व्हिसावर असलेल्या तरुणांनी तर खरेदीचा विचार करण्याआधी वकिलाला विचारावं. केंद्रीय कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते नीट समजून घ्यायला हवेत.

त्या तरुणाला मी सांगितलं तेच इथे सांगतो. हातात दोन हजार डॉलर असतील तर हजाराचं .४४ घ्या, सहा इंची नळीचं, जरा वजनदार. वजन दणका खातं. उरलेल्या हजारात आधी तिजोरी आणि कानांचं संरक्षण, मग जमतील तेवढी काडतुसं. पहिले काही महिने स्पेशलच झाडा, मॅग्नम दर वेळी शेवटच्या पाच-सहा बारांपुरतं ठेवा. घरी भरायचं ठरेपर्यंत स्वतःची प्रत्येक पुंगळी डब्यात जमा करा, आणि शेजारच्या लेनवाल्याने टाकलेली दिसली तर रेंजवाल्याला विचारून तीही उचला.