तीन अधिक पांच

चाळीस वर्षें शाळेंत बीजगणित शिकविल्यावर ह्या शास्त्रांत आम्हांस चकित करील असें कांहीं उरलें नसावें, असा आमचा समज होता. गेल्या दिवाळींत आमची पुतणी सुटीस घरीं आली, आणि फराळाच्या वेळीं बोलून गेली, "काका, आमच्या बीजगणितांत तीन अधिक पांच म्हणजे तीन!" सारी पंगत हंसली, सर्वांत मोठ्यानें आम्ही हंसलों. पोर गप्प झाली.

रात्रीं तिचें टिपण आम्हीं वाचावयास घेतलें. ह्या बीजगणितांत बेरीज म्हणजे दोहोंतील लहान संख्या निवडणें, आणि गुणाकार म्हणजे आपली नेहमींची बेरीज. क्षचा वर्ग म्हणजे क्षची दुप्पट. प्रवासांत एका वाटेवरील टप्प्यांचे वेळ आपण मिळवितों, आणि अनेक वाटांतून थोड्या वेळाची वाट निवडतों. हाच तो हिशेब! हंगेरींत जन्मलेले ब्राझीलचे गणिती इम्रे सायमन (१९४३–२००९) ह्यांच्या गौरवार्थ फ्रेंच गणित्यांनीं त्यास 'उष्णकटिबंधीय' असें नांव दिलें.

येथें समीकरण सुटणें म्हणजे पदांतील सर्वांत लहान मूल्य निदान दोन पदांनीं सारखेंच गांठणें. एकट्या पदानें तें गांठलें तर उत्तर नव्हे. टिपणांत एक जोडी होती: पहिल्या समीकरणाचीं पदें क्ष+२, य, ५; दुसऱ्याचीं क्ष+४, य+१, ५. आम्ही संवयीप्रमाणें एकांतून दुसरें वजा करावयास गेलों, आणि अडलों. कारण येथें वजाबाकीच नाहीं! तीन आणि पांच मिळून तीन झाले, कीं पांचाचा मागमूस राहत नाहीं.

अखेर आकृति काढली. प्रत्येक समीकरण म्हणजे एका बिंदूपासून फुटलेले तीन किरण. दोन्ही आकृति एकाच ठिकाणीं छेदल्या. क्ष २, य ४! पहिल्यांत ४, ४, ५. दुसऱ्यांत ६, ५, ५. अव्यक्तें व समीकरणें वाढत गेलीं, आणि त्यांत वर्गाचीं पदेंही आलीं, तर उत्तर आहे कीं नाहीं एवढें ठरविणें सुद्धां गणनशास्त्रांतील अत्यंत बिकट प्रश्नांत मोडतें, हें सिद्ध झालेलें आहे. अशा विद्येस आम्ही हंसलों होतों!

हंसण्यासही वजाबाकी नाहीं. दुसरे दिवशीं त्याच पंगतींत, सर्वांदेखत, आम्हीं पुतणीपुढें पाटी ठेविली व म्हटलें, "बाळ, तीन अधिक पांच तीनच. आतां पुढील धडा दे."